साथ, लस आणि प्रतीके

(अकादमीच्या वार्षिक सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही जणांनी मला विचारले की, हा विषय वैद्यकाचा की पोलिसांचा? करोनाच्या काळात परदेशांत लसीविरुद्ध मोर्चे निघाले आणि त्यांत अतिउजव्या, कडव्या संघटनांची निशाणे फडकली, ही बातमी खरी. पण साहित्य शिकवणाऱ्या बाईने त्यावर का बोलावे?

याला माझी दोन उत्तरे आहेत. लस चांगली की वाईट हे डॉक्टरांनी सांगावे, दंगल कशी आवरावी हे पोलिसांनी पाहावे. परंतु झेंडा, तारा, घोषणा, वीरपुरुषाची तसबीर ही सगळी प्रतीके आहेत, आणि प्रतीक कसे वाचावे हे शिकवणे हेच तर आपले काम. कवितेतले प्रतीक आपण वर्षानुवर्षे फळ्यावर उलगडून दाखवतो. रस्त्यावरचे प्रतीक दिसले की मात्र आपण वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवतो. दुसरे उत्तर जरा अवघड आहे. साथीच्या भीतीतून आणि सरकारी जबरदस्तीच्या रागातून कडवे राजकारण कसे उभे राहते, याचा एक मोठा अध्याय मराठीत घडलेला आहे. तो आपल्याला तोंडपाठ आहे, पण या दृष्टीने आपण तो क्वचितच वाचतो.

आधी शब्दांपासून सुरुवात करू या.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांच्या दंडावर एक गोल वण आहे. त्याला आपण ‘देवी काढल्याचा वण’ म्हणतो. रोगाचे नाव देवी आणि त्यावरच्या उपायाचे नावही ‘देवी काढणे’. गावोगाव फिरणारा टोचणारा म्हणजे ‘देवी डॉक्टर’. रोग म्हणजे देवीचा कोप किंवा देवीचे अंगावर येणे. तिला थंड ठेवायचे, घरात फोडणी द्यायची नाही, कडुलिंबाचा पाला ठेवायचा. इथे आपल्या तेलुगू शेजारणी कांजिण्या-गोवराला आजही ‘अम्मवारू’ म्हणतात. भाव तोच. ‘लस’ हा शब्द तर त्याहून जुना आणि घरगुती आहे. जखमेतून पाझरते ती लस. पूर्वी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर लावत, म्हणून औषधाचेच नाव लस पडले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, तेव्हा ती आपल्या देशातली पहिली लसवंत ठरली. तिच्या दंडावरच्या लशीतून ही साखळी पुढे पुणे, सुरत, मद्रास आणि आपल्या हैदराबादपर्यंत आली.

हिंदीत आणि तेलुगूत लसीला ‘टीका’ म्हणतात. मराठीत टीका म्हणजे दोषदर्शन. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही गंमत रोज भेटते. दवाखान्याच्या पाटीवर ‘टीका केंद्र’ वाचले की इथे समीक्षक बसत असावेत असे वाटते. पण गंमतीपलीकडे यात एक अर्थ आहे. लस आणि टीका या दोन्ही गोष्टी शरीराला थोडी टोचणी देऊन मोठ्या दुखण्यापासून वाचवतात. आणि दोन्हींना विरोध करणारा प्रत्येक माणूस काही वेडा किंवा दुष्ट नसतो.

हा मुद्दा मी सुरुवातीलाच मांडते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. लसीबद्दल शंका असणे वेगळे आणि कडवेपणा वेगळा. महात्मा गांधींचा देवीच्या लसीला विरोध होता. आरोग्यावरच्या आपल्या लेखनात त्यांनी तो स्पष्ट मांडला आहे. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांचे मत चुकीचे होते. लसीमुळेच देवीचा रोग नाहीसा झाला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. परंतु गांधींच्या विरोधात कुणाचा द्वेष नव्हता. तेव्हा एखादा माणूस सुईला घाबरतो एवढ्यावरून त्याला अतिरेकी ठरवणे अन्यायाचे आहे. आपला प्रश्न निराळा आहे. साध्या भीतीला आणि साध्या रागाला दुसऱ्याच कुणाचे तरी निशाण केव्हा आणि कसे चिकटते, हा तो प्रश्न.

आता बाहेरच्या जगातली काही दृश्ये पाहू.

२९ ऑगस्ट २०२० रोजी बर्लिनमध्ये करोनाच्या निर्बंधांविरुद्ध हजारो लोकांचे निदर्शन झाले. त्यात मुखपट्टीला कंटाळलेले लोक होते, निसर्गोपचारवाले होते, धंदा बुडालेले लोक होते. त्यांच्यातच काही जणांच्या हातांत काळा-पांढरा-लाल असा जुन्या जर्मन साम्राज्याचा झेंडा होता. नाझी चिन्हांवर जर्मनीत बंदी असल्याने तिथले अतिउजवे गट हा झेंडा पर्याय म्हणून वापरतात. संध्याकाळी त्यांपैकी काहीशे लोक संसदभवनाच्या पायऱ्या चढून गेले. दुसऱ्या दिवशी जगभर जे छायाचित्र छापून आले ते त्या पायऱ्यांचे होते. हजारोंचे गाऱ्हाणे एका चित्रात झाकून गेले.

९ ऑक्टोबर २०२१ रोजी रोममध्ये लस-प्रमाणपत्राच्या सक्तीविरुद्ध मोर्चा निघाला. ‘फोर्झा नुओवा’ या नवफॅसिस्ट पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यातला जमाव देशातल्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेच्या कचेरीकडे वळवला आणि तिची मोडतोड झाली. शंभर वर्षांपूर्वी मुसोलिनीची माणसे कामगारांच्या कचेऱ्यांवर अशीच चालून जात. इटालियन माणसाला ही आठवण वेगळी सांगावी लागली नाही. आता पाहा, मोर्चा प्रमाणपत्राविरुद्ध, आणि हल्ला कामगार संघटनेवर! या दोहोंना जोडणारा तर्क तुम्हाला सापडणार नाही. जोडणारी फक्त प्रतीके होती.

जानेवारी २०२२ च्या अखेरीस कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, मालट्रकवाल्यांचे मोठे आंदोलन झाले. त्याच्या गर्दीत नाझी चिन्ह असलेला झेंडा आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा दिसला. असे झेंडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आयोजक म्हणाले, ते आमचे नव्हेत. असेलही. पण शेजारी उभ्या असलेल्यांनी ते खाली उतरवायला लावले का, हा प्रश्न उरतोच.

सर्वांत विचित्र प्रतीक होते पिवळ्या ताऱ्याचे. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीतल्या ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा शिवणे सक्तीचे झाले होते. त्या ताऱ्यापासून पुढची वाट छळछावणीकडे जात होती. २०२० नंतर युरोपातल्या अनेक शहरांत निदर्शकांनी तोच तारा छातीवर लावला आणि त्यावर ‘ज्यू’ या शब्दाच्या जागी ‘लस न घेतलेला’ असे लिहिले. म्युनिक शहराने त्यावर बंदी घातली. म्हणजे एकाच मोर्चात एकाच्या हातात मारणाऱ्याचे निशाण आणि दुसऱ्याच्या छातीवर मेलेल्याचे निशाण, आणि दोघे खांद्याला खांदा लावून चाललेले. अलंकारशास्त्रात आपण विरोधाभास शिकवतो, पण या ठिकाणी विरोध भासापुरता नव्हता.

उपाहारगृहात प्रवेश नाकारला जाणे आणि गॅसच्या कोठडीत ढकलले जाणे यांत उपमान-उपमेयाचे नाते जोडता येत नाही. ते जोडले की दोन गोष्टी घडतात. आपले दुःख अवाच्या सवा फुगते, आणि ज्यांचे खरे दुःख होते त्यांचे लहान होते. कडव्या गटांना ही दुसरी गोष्टच हवी असते. नाझींचे पाप लहान झाले की नाझींच्या वारसांचा रस्ता मोकळा होतो.

लसविरोध आणि ज्यूद्वेष यांची जवळीक काही करोनाने जन्माला घातलेली नाही. १८७४ मध्ये जर्मन साम्राज्यात देवीची लस सक्तीची झाली. त्यानंतर ड्यूरिंग या ज्यूद्वेष्ट्या लेखकाने लस हा ज्यू डॉक्टरांचा स्वार्थी उद्योग असल्याचा आरोप आपल्या १८८१ च्या पुस्तकात केला. आजार कुणी आणला, उपाय कोण विकतो, फायदा कुणाचा, हे तीन प्रश्न एरवी रास्त असतात. त्यांचे उत्तर म्हणून एखाद्या जमातीचे नाव आले की त्यांचे विष होते.

आता आपल्या घरी येऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. साथ पुण्यात पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. हाच कायदा २०२० साली करोनासाठी पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. मार्च ते मे या काळात गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेत होते. रोगी आणि संशयित यांना उचलून नेत, सामान जाळत, देवघरात बूट घालून शिरत, बायकांची तपासणी रस्त्यावर होई अशा तक्रारी होत्या. हा छळ खरा होता. तो नाकारण्याचे कारण नाही. त्याच दिवसांत, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हेही त्याच चित्रात ठेवावे लागते.

२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला मेला. दामोदर चाफेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण एकामागून एक फासावर गेले. फरारी असताना बाळकृष्ण काही काळ निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्याच मुलखात, दडून होते. एका घरातले तीन भाऊ. ही हकीकत वाचताना आजही घसा दाटतो.

परंतु अभ्यासकाने घसा दाटल्यावरही वाचत राहायचे असते. चाफेकरांचा राग प्लेगने सुरू झाला नाही. दामोदरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यावरून स्पष्ट दिसते की, रँड पुण्यात येण्यापूर्वीच त्यांनी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते. सुधारकांवर आणि धर्मांतर केलेल्यांवर त्यांचा तितकाच रोष होता. रौलट समितीच्या अहवालात त्यांच्या मंडळाचे नाव हिंदुधर्मावरील विघ्ने दूर करणारी सभा अशा अर्थाचे दिले आहे. म्हणजे शत्रूंची यादी आधी तयार होती. त्यात परके राज्यकर्ते होते, तसेच आपल्यातले वेगळ्या मताचे लोकही होते. प्लेगच्या झडत्यांनी त्या यादीला सबंध शहराचा राग मिळवून दिला.

प्रतीकेही आधीच जागी झाली होती. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव आणि त्याच्या पाठोपाठ शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला होता. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात अफजलखानाचा वध हे पाप होते की नाही यावर भाषणे झाली, आणि १५ जूनच्या केसरीत त्याचा वृत्तांत आला. आठवड्याने गोळ्या झडल्या. सरकारने लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि सप्टेंबरमध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खुनाशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नव्हता. न्यायालयापुढचा प्रश्न, खरे पाहता, प्रतीकाच्या अर्थाचा होता. अफजलखान म्हणजे कोण? सतराव्या शतकातला विजापूरचा सरदार की १८९७ चा इंग्रज अंमलदार? न्यायाधीश स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती असा अर्थ लावला. टीकेला शत्रुत्व समजणाऱ्या सत्तेने प्रतीकांची धार बोथट केली नाही, उलट ती वाढवली.

इथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगते. चाफेकर बंधू आणि बर्लिनच्या पायऱ्यांवरचे झेंडेवाले यांना मी एका मापाने मोजत नाही. पुण्याच्या माणसाला मताचा अधिकार नव्हता आणि रँडला घरी पाठवण्याचा कुठलाही सनदशीर मार्ग नव्हता. जर्मन मतदाराला हे सगळे मार्ग खुले होते. हा फरक मोठा आहे. तरीही यंत्रणा सारखी आहे, आणि ती समजून घेतली नाही तर आपण आपल्या इतिहासातून फक्त अभिमान उचलू, शहाणपण नाही. आधी साथ येते. मग उपाययोजना येते आणि तिच्यात जबरदस्ती असते. लोकांचा राग रास्त असतो, पण तो सैरभैर असतो. अशा वेळी ज्यांच्याजवळ तयार शत्रू आणि तयार निशाण आहे ते पुढे होतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे. रागाचे बीळ उंदरांनी कोरलेले असते, फणा काढून बसतो तो दुसराच.

त्याच वर्षीची आणखी एक बाजू पाहा. लोकमान्य साथीत पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला, सरकारच्या दडपशाहीवर लिहिले आणि रोग्यांना वेगळे ठेवण्याची गरजही सांगितली. म्हणजे जबरदस्तीला विरोध आणि उपायाला साथ या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करता येत होत्या. आपल्या स्मरणात मात्र गणेशखिंडीतली पिस्तुले राहिली, रुग्णालय राहिले नाही. स्मरणही प्रतीकांच्या मागे धावते.

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. हे ओडेसाचे ज्यू. पुण्यात रागाचा विषय झडत्या आणि छावण्या हा होता. हाफकिनची लस ऐच्छिक होती आणि हजारो लोकांनी ती घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले आणि ठपका हाफकिनवर आला. फ्रान्समधल्या ड्रेफस प्रकरणाची आठवण व्हावी असा तो अन्याय होता. १९०७ साली त्यांच्या बाजूने लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जोरदार लिहिणारे होते रोनाल्ड रॉस. म्हणजे आपल्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी, रँडवरच्या गोळीबारानंतर दोन महिन्यांच्या आत, डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहणारे तेच रॉस. पुण्याच्या पिस्तुलांचे आणि सिकंदराबादच्या सूक्ष्मदर्शकाचे वर्ष एकच आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी या दोन तारखा नेहमी शेजारीशेजारी लिहायला लावते.

तिकडे इंग्लंडात काय चालले होते? १८५३ पासून तिथे लहान मुलांना देवी काढणे सक्तीचे होते. त्याविरुद्ध मार्च १८८५ मध्ये लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला. जेन्नरचा पुतळा आणि लहान मुलाची शवपेटी घेऊन लोक चालले होते. प्रतीके तिथेही होती. पण चौकशी आयोग बसला, वर्षानुवर्षे साक्षी झाल्या आणि १८९८ च्या कायद्याने, ज्याची सदसद्विवेकबुद्धी मान्य करत नाही त्या पालकाला सूट मिळाली. इंग्लंडच्या माणसाला त्याच साम्राज्याने जे दिले ते पुण्याच्या माणसाला दिले नाही. तक्रार ऐकून घेणारी जागा होती म्हणून लेस्टरमध्ये शवपेटी खोटीच राहिली.

आता आपल्या काळात येऊ.

करोनाच्या साथीत भारतात लसीविरुद्ध युरोपसारखी मोठी आंदोलने झाली नाहीत. आपले हैदराबाद तर लसींचे गावच. कोव्हॅक्सिन इथल्या जिनोम व्हॅलीतून देशभर गेली. तरीही त्या काळातल्या तीन गोष्टी विसरू नयेत.

पहिली गोष्ट लसीत काय आहे याची. लस येण्यापूर्वीच काही मुस्लिम संघटनांनी डुकराच्या जिलेटिनची शंका काढली आणि हिंदू महासभेच्या एका नेत्याने गाईच्या रक्ताची. जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचा रक्तद्रव असल्याचा गवगवा झाला. पेशी वाढवण्यासाठी तो वापरतात आणि तयार लसीत तो नसतो, असा खुलासा केंद्र सरकारला करावा लागला. गाय आणि डुक्कर ही जोडी आपण १८५७ च्या काडतुसांपासून ओळखतो. मौज अशी की, इंग्रजीतला ‘व्हॅक्सिन’ हा शब्दच लॅटिनमधल्या गाईपासून आला आहे. प्रश्न विज्ञानाचा होता आणि त्याचे उत्तर एका ओळीचे होते. पण प्रतीक मध्ये आले की ओळभर उत्तर कुणाला ऐकू जात नाही.

दुसरी गोष्ट सक्तीची. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्याच्याच एका भागात, लसीचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा प्रशासनाचा आदेश निघाला. मुंबईत दोन मात्रा घेतलेल्यांनाच लोकलने प्रवास करता येई. हेतू चांगला होता. पण भाकरी आणि सुई एकमेकांना बांधली की गरिबाला सुई शिक्षा वाटते. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण योग्य ठरवले, आणि त्याबरोबरच कुणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही, असेही सांगितले. दोन्ही वाक्ये एकाच निकालात आहेत. लोकशाहीची भाषा अशी जोडवाक्याची असते. कडव्या राजकारणाला मात्र केवल वाक्यच हवे असते.

तिसरी गोष्ट सर्वांत दुखरी. परदेशांत कडवेपणा लसीविरुद्धच्या मोर्चात शिरला, आपल्याकडे तो साथीच्या बातम्यांत शिरला. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन भागातल्या तबलिगी मेळाव्यातून परतलेले काही जण दगावले. त्यांत सहा जण तेलंगणातले होते. शेजारी म्हणून शोक करण्याऐवजी ‘कोरोना जिहाद’ असा शब्द जुळवला गेला आणि फेरीवाल्यांचे आडनाव विचारून भाजी घेतली जाऊ लागली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. आजाराच्या नावापुढे एका धर्माचे विशेषण लावले की नवे प्रतीक तयार होते. त्याला झेंडा लागत नाही, काठी लागत नाही. दोन शब्दांचा समास पुरतो. समास सोडवून दाखवणे हे तर भाषेच्या शिक्षकाचेच काम आहे.

शेवटी स्वस्तिकाविषयी बोलायलाच हवे. ओटावाच्या घटनेनंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या संसदेत द्वेषचिन्हांवर बंदी घालणारे एक खासगी विधेयक आले. त्यात ‘स्वस्तिक’ हा शब्द होता. तिथल्या हिंदू, जैन आणि बौद्ध लोकांनी आक्षेप घेतला की, नाझींच्या चिन्हाचे जर्मन नाव ‘हाकेनक्रॉइझ’, म्हणजे आकड्याचा क्रूस. ते वेगळे आणि आमचे मंगलचिन्ह वेगळे. तिकडच्या मराठी घरांतही लक्ष्मीपूजनाला उंबऱ्याशी स्वस्तिक काढले जाते. मुलीने रांगोळी काढावी आणि शेजाऱ्याने पोलिसांना फोन करावा अशी धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हा भेद मान्य केला. तो आक्षेप रास्त होता.

पण एवढ्यावर समाधान मानू नये. ‘आमचे स्वस्तिक पवित्र’ एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. मराठीत कडक हेडमास्तरांना आपण सहज ‘हिटलर’ म्हणतो. आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात त्याचे आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते, आणि कॉलेजची मुले ते ‘जिद्दीचे पुस्तक’ म्हणून विकत घेतात. मग ओटावातला झेंडा पाहून शेजारची म्हातारी ज्यू बाई का रडली हे त्या मुलांना कसे कळावे? आपल्या चिन्हाचा सन्मान मागायचा असेल तर दुसऱ्याच्या जखमेची माहिती असणे हा त्या मागणीचा पाया आहे. स्वस्तिकाचा अर्थच ‘कल्याण असो’ असा. ते कुणाचे, हे त्या शब्दाने सांगितलेले नाही.

मग शिक्षकांनी, लेखकांनी, या अकादमीने काय करावे? मी वर्गात विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगते. रस्त्यावर कुठलेही प्रतीक दिसले की विचारा, हे कुणाच्या दुःखातून आले आहे आणि आज ते कुणाच्या हातात आहे? दुसरे, मोर्चाची मागणी काय आहे आणि निशाण काय सांगते, दोहोंचा मेळ बसतो का? तिसरे, या निशाणामुळे उपाय जवळ येतो की शत्रू जवळ येतो? पिवळा तारा, जुना झेंडा, ‘जिहाद’चा समास, किंवा आपल्या परमप्रिय शिवरायांचे नाव, सगळ्यांना हेच तीन प्रश्न लावावेत. ज्या राजाने रयतेच्या भाजीच्या देठाचीही काळजी वाहिली असे आपण मानतो, त्याच्या नावाने भाजीवाल्याचे आडनाव विचारले जात असेल, तर प्रतीक चोरीला गेले आहे असे समजावे. चोरीला गेलेली वस्तू परत मागायची असते, टाकून द्यायची नसते.

याच शहराने प्रतीक जपण्याची दुसरी तऱ्हाही पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साथीचा कहर झाला, तेव्हा सिकंदराबादच्या पलटणीतल्या एका माणसाने उज्जैनच्या महाकाळीला नवस केला आणि त्यातून इथल्या बोनालूला महत्त्व आले, असे सांगतात. आजही आषाढात डोक्यावर बोनम घेऊन बाया निघतात, कडुलिंबाचा पाला असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ती साथीचीच आठवण आहे. तिच्यात भीती आहे, श्रद्धा आहे, गाऱ्हाणेही आहे. पण त्या मिरवणुकीत साथ कुणी आणली म्हणून कुणाकडे बोट दाखवलेले नाही. आणि त्या बायांनीच आपल्या मुलांना घेऊन लसीच्या रांगा लावल्या आहेत. देवी आणि देवी काढणारा या दोघांनाही आपल्या भाषेने एकाच शब्दात सामावून घेतले, ते उगीच नव्हे.

पुढची साथ येणार आहे. केव्हा, ते डॉक्टर सांगतील. तेव्हा पुन्हा भीती असेल, पुन्हा कुणाचा तरी उद्दाम आदेश असेल आणि पुन्हा कुणीतरी तयार निशाण घेऊन कोपऱ्यावर उभा असेल. त्या दिवशी आपल्या विद्यार्थ्याने आदेशाला निर्भयपणे प्रश्न विचारावा, लस विचारपूर्वक घ्यावी आणि ते निशाण मात्र हाती घेऊ नये, एवढी अपेक्षा साहित्याच्या शिक्षणाकडून ठेवायला हरकत नाही.